अहो, वळा ना!

लायसन्स हातात पडलं की गाडी येते, असा पुण्यातल्या निवृत्त मंडळींत एक समज आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या मामांचाही होता. तो सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या डाव्या वळणापर्यंत टिकला.

दोष पूर्णपणे मामांचा नव्हे. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसलेल्या सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. मामा वळणावर स्टिअरिंग फिरवायचे, वेग सर परस्पर कमी करायचे आणि श्रेय मामांना मिळायचं. आता महाबळेश्वरला निघताना शेजारी भाचा होता आणि त्याच्या पायाशी फक्त मामींच्या चकल्यांचा डबा. गाडी वळली खरी, पण वळता वळता समोरच्या रसवंतीच्या बाकापर्यंत जाऊन आली. बाकावरच्या गिऱ्हाइकाने ग्लास उचलून पाय वर घेतले.

“मामा, ब्रेक वळणाच्या आधी. गिअर बदलायचा तोही आधी. वळणावर नुसतं वळायचं.”

सगळं काम ३१ मार्चला उरकायची सवय असलेल्या माणसाला हे जड जाणारच. पण भाचा इंजिनिअर. वेग दुप्पट झाला की त्याच वळणावर टायरला चौपट पकड लागते, असा हिशेब त्याने मांडला. आकडा ऐकताच मामांचा पाय ब्रेकवर गेला आणि सरळ रस्त्यावर, काही कारण नसताना, गाडी थांबली. मागच्या स्कूटरवाल्याने मामांच्या शिक्षणाबद्दल एक शंका उपस्थित केली.

खंबाटकी घाट मात्र शिकाऊ माणसासाठीच बांधलाय असं वाटावं. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाणारे घाट चढायचे आणि परतीची वाहतूक बोगद्यातून यायची, त्यामुळे समोरून कोणी अंगावर यायचा प्रश्न नव्हता. प्रश्न पुढच्या ट्रकचा. त्याने उजवा इंडिकेटर लावला. कायद्याने याचा अर्थ एकच, की ट्रक उजवीकडे सरकणार. पण आपल्या हायवेवर त्याचा अर्थ ‘या पुढे’ असाही होतो, ‘खबरदार, येऊ नका’ असाही होतो आणि बऱ्याचदा ‘मागच्या गावापासून चालूच राहिलाय’ एवढाच असतो. मामांनी चारही शक्यता मोठ्याने तपासल्या. तेवढ्यात केबिनमधून एक हात बाहेर आला आणि संथपणे हलला. तो हात ‘जा’ म्हणत होता की तंबाखू झटकत होता, यावर मामा-मामींचं एकमत घाटमाथा आला तरी झालं नाही.

वाई सोडली की पसरणी घाट लागतो. पाचगणीपर्यंत सुमारे १२ किलोमीटर, आणि इथे समोरूनही गाड्या येतात. मामा दरीकडे बघत, गाडीही दरीकडे झुके. नजर जाते तिकडे हात जातात, म्हणून वळण जिथे संपतं तिथे बघायचं, हे भाचा सांगत होता. मामींनी तेच थोडक्यात सांगितलं: “अहो, वाई पळून जात नाही. पुढे बघा!”

मग ते उजवं वळण आलं, आणि वरून लाल एसटी. मामांनी नियमाचं पुस्तक पाठ केलं होतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे २०१७ च्या केंद्रीय नियमांत छापलेलं आहे. मामा कायद्याच्या बळावर पुढे सरकले. एसटी वळणाच्या आतल्या बाजूला होती, तरी तिचं तोंड बाहेर, थेट मामांच्या लेनमध्ये आलं.

“राँग साइड! लिहून घे रे नंबर!”

“मामा, थांबा. मागं घ्या थोडी.”

लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. ड्रायव्हरने तोंड बाहेर काढलं नसतं, तर मागचं चाक डोंगराकडच्या गटारात गेलं असतं. म्हणून बस दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबून तिला सगळा रस्ता द्यायचा. कलम मामांच्या बाजूने होतं, भूमिती एसटीच्या. ड्रायव्हरने एका हाताने ते अजस्र चाक फिरवलं, दुसऱ्याने मामांना नमस्कार केला आणि बस हातभर अंतरावरून निघून गेली. मामांना कायदा मोडल्याचं दुःख झालं, पण नमस्कार आवडला.

परतीला उतार. पेट्रोल वाचतं म्हणून मामांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. शेजारच्या बिऱ्हाडातून मिळालेलं ज्ञान. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, हे सगळं सांगून झालं. मामा ढिम्म. शेवटी भाच्याने हुकमी पान टाकलं. “हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलच तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पीत राहतात.”

“म्हणजे फुकट?”

“फुकट.”

मामांनी दुसरा गिअर टाकला आणि वाईपर्यंत सोडला नाही. मागच्या हॉर्नकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण प्रत्येक वळणावर ते वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब करत होते. मामींनी मागच्या काचेतून वाकून पाहिलं आणि भाच्याला विचारलं, “अरे, एवढ्या गाड्या! कोणाचं लग्न आहे का रे वाईला?”