साहेब आत आले, आता बोला

कन्सल्टिंग कंपनीच्या केस इंटरव्ह्यूला निघालेल्या जालना जिल्ह्यातल्या नवख्या उमेदवारांनी या सूचना घराबाहेर पडण्याआधी वाचाव्यात. गणित तुम्हाला जमतं. नफा का घटला, बाजार केवढा आहे, हे तुम्ही कागदावर छान मांडता. अर्धा तास सगळं सुरळीत चालतं. मग मुलाखतकार घड्याळ बघतो आणि म्हणतो, "समजा, कंपनीचे मोठे साहेब आत्ता खोलीत आले. तुमची शिफारस काय?" इथे आपल्या माणसाचा घोटाळा होतो. कारण आपल्याकडे आलेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, पाऊसपाणी विचारायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, अशी रीत आहे.

तर साहेबांना बसवू नका. ते उभ्याउभ्याच जाणार आहेत. तुमच्याकडे एक मिनिट आहे.

सरावाला न्यूयॉर्कच्या कॉफी दुकानांची केस घेऊ नका, घरची घ्या. घनसावंगी तालुक्यातला शेतकरी, 4 एकर मोसंबी, एप्रिल महिना, विहीर कोरडी. 2012-13 च्या दुष्काळात हा प्रश्न जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत खरोखर पडला होता: बाग टँकरवर जगवायची की कुऱ्हाड लावायची?

नवखा उमेदवार असा सुरू होतो: "सर, जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको इथेच काढली, त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार..." सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण साहेब केव्हाच निघून गेले. जिल्ह्याची माहिती सांगण्याची फारच उबळ आली तर समोरचं पाणी प्या, ग्लास त्यासाठीच ठेवलेला असतो.

आता आकडे. एकरी साधारण 110 झाडं धरली तर चार एकरांत 440. झाड नुसतं जगवायला रोज 25 लिटर धरा, म्हणजे 11 हजार लिटर, दिवसाला एक टँकर. पाऊस येईपर्यंत 75 दिवस. टँकर 2 हजारांना समजला तर दीड लाख रुपये. बाग तोडली तर हे पैसे वाचतात, पण नव्या लागवडीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. हा हिशेब कागदावरच ठेवा. गुणाकार करून दाखवल्याबद्दल साहेब टाळ्या वाजवत नाहीत.

तोंडातून निघायचं ते एवढंच:

"बाग तोडू नका. झाडं वाचवा, यंदाचा बहार सोडा. टँकरला दीड लाख लागतील, पण नवी बाग लावली तर चार-पाच वर्षं उत्पन्न बंद. फळं उतरवली की झाडाला पाणी कमी लागतं, ठिबक आणि आच्छादनावर ते तग धरतं. धोका एकच, पाऊस लांबला तर खर्च वाढेल. तशी वेळ आली तर जुनी दोन एकर सोडून तरुण झाडं राखू. या आठवड्यात फळं उतरवा, बुंध्याशी पाचट घाला, टँकर ठरवा. पुढच्या उन्हाळ्याआधी शेततळं."

शेततळ्याबद्दल साहेबांनी भुवई उंचावली तर कडवंचीचं नाव घ्या. जालना तालुक्यातल्या या गावाने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षं पिकवली. मात्र भुवई उंचावली तरच.

"तसं बघितलं तर दोन्ही बाजूंनी बोलता येईल" हे वाक्य ग्रामसभेसाठी राखून ठेवा. "अजून माहिती गोळा करावी लागेल" हेही नको. माहिती नेहमीच अपुरी असते, म्हणून तर सल्लागाराला पैसे देतात. बेतालपणे ठाम बोलणं हा मात्र याच्या उलटचा रोग. म्हणून धोका स्वतःच सांगायचा, साहेबांनी शोधून काढायच्या आधी.

उत्तर आधी आणि कारणं मागून, ही शिस्त सल्लागारांना शिकवली ती 1963 साली मॅकिन्सीत रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी. हे साहेबी खूळ आहे अशी तक्रार जालनेकराने तरी करू नये. समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या जांबचे, आणि त्यांच्या दासबोधाची मांडणी वीस दशक, दर दशकात दहा समास, अशी चोख आहे. (समर्थांना मिनिटाची अट नव्हती, हे मान्य.)

सरावासाठी आरसा निरुपयोगी आहे, तो घाईत नसतो. सोयाबीन भरून मोंढ्याला निघालेल्या काकांना गाठा, ट्रॅक्टर सुरू असतानाच. तुमचं ऐकून ते "बरं, मग टँकर कोणाचा सांगायचा?" म्हणाले तर तुम्ही पास. "पण तुझं म्हणणं काय आहे बाबा?" म्हणाले तर उद्या पुन्हा मोंढ्याच्या वेळी हजर राहा.

मुलाखतीत शेवटचं वाक्य झालं की पेन खाली ठेवा. समोरचा काही लिहीत असेल, खोलीत शांतता पसरेल, आणि तुम्हाला "अजून एक सांगायचं राहिलं" असं म्हणावंसं वाटेल. म्हणू नका.