पूर्ण की चालू?

आमच्या सोसायटीतल्या नानांना नुसतं वय सांगून कुणी सुटत नाही. "साठ," म्हटलं की चष्मा कपाळावर सरकतो आणि प्रश्न येतो, "पूर्ण की चालू?" हयात हिशेब तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी काळाचाच ताळेबंद हाती घेतला. पंचाहत्तरीच्या पत्रिका, मंडळांचे फलक, पतपेढीचे अहवाल, जिथे म्हणून वर्ष छापलेलं असेल तिथे नाना लाल पेन घेऊन हजर. २६ जानेवारी २०२४ ला झेंडावंदन आटोपल्यावर त्यांनी बुंदीच्या रांगेला थांबवून समजावलं, "प्रजासत्ताक दिन पंचाहत्तरावा. वर्षं पूर्ण झाली चौऱ्याहत्तर. बुंदी घ्या, पण गैरसमज नको."

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे ३१ डिसेंबर १९९९. गच्चीवर दिव्यांच्या माळा, खाली पोरांनी फटाके मांडून ठेवलेले, बाराला दहा कमी. नानांनी माईक घेतला. "मंडळी, शतक संपायला अजून एक वर्ष आहे." मग त्यांनी डायोनिसियस एक्झिगसला बोलावलं. हा रोममधला साधू ५२५ मध्ये ईस्टरची कोष्टकं करायला बसला आणि ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजू लागला, ती एकपासून. इसवी सनापूर्वीचं १ संपलं की लगेच इसवी सन १, मध्ये शून्य साल नाहीच. म्हणजे पहिलं शतक १०० साल सरल्यावर संपलं, आणि विसावं संपणार २००० सरल्यावर! "शंभरेक वर्षं थांबला असता," नाना कळवळून म्हणाले, "तर आमच्या ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये शून्याचे नियमच लिहून दिले होते!" जर्मनीच्या कैसर विल्हेल्मनेही विसावं शतक १ जानेवारी १९०० लाच सुरू केलं होतं, हे सांगून ते थांबले. "पुढे महायुद्धात त्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?" एवढ्यात पहिली माळ वाजली.

माणूस बरोबर होता, हीच अडचण. चुकत असता तर लोकांनी वाद तरी घातला असता.

पुढच्या ३१ डिसेंबरला नानांनी 'खऱ्या' शतकारंभासाठी फळ्यावर सूचना लावली आणि पातेलंभर मसाला दूध आटवलं. मी गेलो आणि वॉचमन आला. त्याची ड्यूटीच होती. मी दुधासाठी गेलो होतो.

२०१७ साल मात्र नानांना मानवलं. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ ला भाऊ रंगारींनी सुरू केला की १८९३ ला टिळकांनी, यावर पुण्यात जुंपली होती आणि उत्सवाची सव्वाशेही साजरी होत होती. नाना कट्ट्यावर बसून खुशीत सांगत, "भांडता कशाला? १८९३ धरलं तर यंदा एकशे पंचविसावं चालू. १८९२ धरलं तर एकशे पंचवीस पूर्ण!" दोन्ही बाजूंना एकाच वेळी खूश करू शकणारा असा तोडगा कुणीच विचारात घेतला नाही. लोकांना वर्ष नको होतं, संस्थापक हवा होता.

नानांना अखेर गाठलं ते पंचांगवाल्या गुरुजींनी. पूजा सांगून झाल्यावर दक्षिणा मोजता मोजता ते सहज म्हणाले, "नाना, ते इसवी सनाचं ठीक. पण शकाचं काय? गणितात शके गत धरतात. जेवढा आकडा, तेवढी वर्षं सरलेली."

"म्हणजे तिथे शून्य साल आहे?"

"आहे की. तुमच्या ब्रह्मगुप्तानंच लिहून ठेवलंय, शकाची ५५० वर्षं सरल्यावर ग्रंथ केला म्हणून. त्या हिशेबानं शके १९०० लागलं त्या पाडव्याला एकोणीस शतकं पूर्ण झाली. १९७८ साली. तुम्ही काय केलंत त्या दिवशी?"

"ऑडिटला गेले होते सोलापूरला," आतून काकू म्हणाल्या. "पाडव्यालासुद्धा."

दोन दिवस नाना कट्ट्यावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना आली: 'गुढीपाडवा २०७८, शके २००० प्रारंभ. वीस शतकं पूर्ण. या खेपेला दोन शून्यांवरच साजरं करायचं असून कृपया २०७९ पर्यंत कोणीही थांबू नये. वर्गणी आगाऊ.'

पावतीपुस्तक छापून आलं आहे. पहिली पावती वॉचमनच्या नावानं फाटली.