सहलप्रमुख भावोजींना अनावृत पत्र

रा. रा. भावोजी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण ‘चलो घारापुरी’ या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था तुम्ही करून ठेवली आहे. ती का केलीत, तेही आम्हाला ठाऊक आहे. धाकट्या वन्संनी पहिल्याच दिवशी भाबडेपणाने विचारलं, “दादा, सोमवारी लेणी बंद असतात ना?” सोमवार तुम्ही गर्दी कमी असते म्हणून निवडला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुरातत्त्व खात्याचं कुलूप लागलं की गर्दी कमीच असते. त्यावर तुम्ही जे उत्तर दिलंत, ते मी जपून ठेवलं आहे: “कोण जागं आहे ते बघत होतो.” मग सहल एक दिवस अलीकडे, रविवारी सरकली आणि पाठोपाठ ग्रुपला टाळं लागलं.

वेळापत्रक मात्र तुम्ही देखणं केलं होतं. रंगीत रकाने, प्रत्येकाच्या नावापुढे चौकट. सकाळी ७.१० डोंबिवली, ८.३० गेटवे, ८.४५ बोट, ९.१५ बेट, ९.१५ ते १० ‘सर्व लेणी’, साडेदहाला परत, मग कॉजवेवर खरेदी अडीच तास, मग जेवण, मग मरीन ड्राइव्ह. १९८७ साली युनेस्कोने ज्याला जागतिक वारसा म्हटलं, त्याला पाऊण तास आणि फुटपाथवरच्या चपलांना अडीच. गेटवेपासून घारापुरी साधारण दहा किलोमीटर, म्हणून अर्धा तास, हा हिशेब तुम्ही कुठल्या रस्त्यावरून काढलात कोण जाणे. शिळफाट्याला रोज अडकणाऱ्या माणसाने तरी अंतरावरून वेळ काढू नये. बोटीला तास लागतो. सकाळची पहिली बोटच नऊच्या सुमारास सुटते, आणि माणसं पुरेशी चढल्याशिवाय खलाशी दोर सोडत नाही. हे सगळं तिकीट खिडकीवरचा माणूस शांतपणे सांगत होता आणि तुम्ही त्याला फोनवरचा तक्ता दाखवत होता. रविवारचा मेगाब्लॉक आपल्या परतीच्या आधी संपला, एवढं श्रेय तुम्हाला नाही, रेल्वेला आहे.

हत्तीचं प्रकरण वेगळं लिहायला हवं, कारण त्यात मुलं गुंतली होती. एलिफंटा म्हणजे हत्ती, तिथे खराखुरा मोठा दगडी हत्ती आहे, त्याच्या पायाशी फोटो काढू, असं वचन तुम्ही चिमण्या जिवांना देऊन बसलात. हत्ती होता, नाही असं नाही. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ते नाव दिलं. पण १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईत आणले गेले, १९१४ साली सांधले गेले आणि आज तो हत्ती राणीच्या बागेला लागून, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आपली लोकल भायखळ्याला थांबली, तेव्हा तो आपल्यापासून चालत दहाएक मिनिटांवर होता. त्याच वेळी तुम्ही मुलांना खिडकीशी उभं करून सांगत होता, “अजून समुद्र ओलांडायचाय, मग हत्ती!” धाकटा दिवसभर प्रत्येक वळणावर विचारत राहिला. शेवटी तुम्ही त्याला एक मोठा काळा खडक दाखवलात. त्याने तो नीट निरखला आणि सोंड कुठे आहे असं विचारलं. त्या वेळी तुम्हाला अगदी महत्त्वाचा फोन आला.

आता पाण्याबद्दल. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या माई, रेवदंड्याच्या. समुद्रकाठी वाढलेल्या बाईला भरतीची वेळ विचारायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण होडीवाल्यांची कामं त्यावर चालत आली. आपण गेलो ती पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि पाच-साडेपाचला ओहोटी, तीही पौर्णिमेची, पाणी पार दूर नेणारी. नेमकी शेवटच्या बोटींची वेळ. माईंनी हे कॅलेंडरपाशी उभं राहून बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “येताना बोट खाली जाईल रे, मला चढवणार कसं?” तुम्ही म्हणालात, “आई, आता जेटी असते.”

जेटी होती. बोट तिच्या खाली होती. ते पुढे येईलच.

गेटवेला बोटी एकीला एक लावून उभ्या असतात, तेव्हा आपल्या बोटीत जायला दुसऱ्यांच्या दोन बोटींतून ओलांडून जावं लागतं. हे कळल्यावर तुम्ही सर्वांत पुढे जाऊन जागा धरलीत. वरच्या डेकचे वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर तुम्ही नियोजनात काटकसरीचं कलम काढलंत, आणि बोट सुटल्यावर एकटेच वर जाऊन बसलात, वाऱ्यासाठी. खाली आम्ही लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळत होतो. इथे मात्र मला थट्टा सुचत नाही. मुलांचे फोटो चांगले येत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना जॅकेट काढायला लावलंत. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीलाच निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली आणि १५ माणसं गेली. तेव्हापासून जॅकेटची सक्ती आहे. खलाशी तुमच्यावर ओरडला, ते मला फार आवडलं. तुम्ही त्याला ‘कस्टमरशी कसं बोलावं’ हे शिकवायला लागलात, तेव्हा माई तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही बघितलं नाहीत.

बाकी प्रवास सुंदर होता, कारण त्याचं नियोजन कुणी केलेलं नव्हतं. नौदलाच्या करड्या बोटी, जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेना, लांबवर अटल सेतूची रेघ. बेट जवळ येतं तसं पाणी मातकट होतं आणि काठाची तिवरं दिसू लागतात. इथे पाणी उथळ आहे, म्हणून तर जेटी एवढी लांब आत आणावी लागली आणि तिच्यावरून ती छोटी आगगाडी धावते. तुम्ही ‘माथेरानसारखी टॉय ट्रेन’ म्हणून जिची महती गायलीत, ती. रांगेत उभं राहण्यापेक्षा आम्ही चालत आधी पोचलो.

तुमच्या तक्त्यात पायऱ्या नव्हत्या. सव्वाशेच्या आसपास आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळ्या ताडपत्र्या. बहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन येताना हा रकाना रिकामा कसा राहिला? डोलीवाले होते म्हणून निभावलं. त्यांच्याशी तुम्ही जी घासाघीस केलीत, ती ऐकून माईच म्हणाल्या, “मी चालत जाते.” आणि वर ती काकडीवाली. तिने काकडी सोलली, उभे चार काप केले, चिमटीतलं तिखटमीठ कापांच्या मधोमध सोडलं आणि जोड्या दाबून एकमेकींवर घासल्या, की मीठ दोन्हीकडे सारखं लागावं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे डोंबिवलीत निम्म्यात मिळते. ती म्हणाली, “दादा, इथं मीठ पण होडीतून येतं.” या बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे रोज समोर बघत त्यांनी तोवर अंधार काढला. तिच्या काकडीचा भाव डोंबिवली ठरवणार नाही. तुमच्या आधीच्या मसुद्यात तर ‘बेटावर रात्री तंबू आणि शेकोटी’ होती. पर्यटकांना तिथे मुक्कामाची परवानगी नाही, हेही तुम्हाला कोणीतरी सांगायचंच बाकी होतं.

‘डबे आणू नयेत, बेटावर सर्व मिळते’ ही सूचना ठळक अक्षरांत होती. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली. त्यातल्या किती दशम्या कोणी खाल्ल्या हे जाहीर पत्रात लिहिणं बरं नाही. तुमचं शीतपेय माकडाने नेलं. त्याने झाकण फिरवून उघडलं, तेवढा सफाईदारपणा त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या कामात दिसला नाही.

लेण्यात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला, आणि ती तीन मुखांची अजस्र मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, अंधारात. बाहेरच्या उन्हातून आलं की आधी काहीच दिसत नाही. थांबावं लागतं. मग एकेक चेहरा पुढे येतो. तुम्ही थांबला नाहीत. “ब्रह्मा, विष्णू, महेश, झालं, चला,” असं म्हणून फोटो काढून पुढे गेलात. ती तिन्ही शिवाचीच रूपं मानतात, भावोजी. मधला शांत, डोळे मिटलेला. आपल्या डावीकडचा अघोर: मिशा, वाकडी भुवई, हातात नाग. उजवीकडचा वामदेव, बाईसारखा नाजूक चेहरा, हातात कमळ. मी आणि वन्सं तिथे उभ्या होतो, तर तुम्ही बाहेरून टाळ्या वाजवत होता, “चला चला, पाच मिनिटं मागे आहोत!” कशाच्या मागे? तोवर तुमच्या तक्त्याप्रमाणे आपण कॉजवेवर चपला घेऊन, जेवून, मरीन ड्राइव्हला भेळ खात बसायला हवं होतं. अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर हे सगळं आम्ही अर्धवट पाहिलं. डोंगरावरच्या तोफा पाहायच्या राहिल्या. बाकीची लेणी तुम्ही ‘सर्व सारखीच’ म्हणून रद्द केलीत.

मग आली परत निघायची वेळ. रविवारची सगळी गर्दी एकाच जेटीवर आणि पाणी पार खाली. दोन्हीकडे चिखल चमकत होता. जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि बोट त्याही खाली हेलकावे खात. माई काठावर उभ्या राहिल्या. तुम्ही पुन्हा सर्वांत पुढे जाऊन जागा धरली होती. दोन खलाशी आणि एक अनोळखी कॉलेजचा मुलगा, तिघांनी मिळून माईंना उतरवलं. बसल्यावर त्या पहिलं काय म्हणाल्या, ते तुम्ही ऐकलं नसेल, इंजिनचा आवाज होता. म्हणाल्या, “साडेपाच. बरोबर आलं.”

घरी पोचल्यावर ग्रुपवर तुमचा संदेश आला: ‘घारापुरी सहल यशस्वी. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार. ९८% वेळापत्रक पाळले गेले.’ उरलेले दोन टक्के कोणते, तेवढं सवडीने कळवावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
वहिनी

ता. क. पुढच्या सहलीचा तक्ता मिळाला. मुरुड-जंजिरा, जुलैचा दुसरा शनिवार, माणशी पाचशे रुपये ॲडव्हान्स. पावसाळ्यात राजपुरीहून किल्ल्यावर जाणाऱ्या शिडाच्या होड्या बंद असतात आणि किल्लाही. मग तो ॲडव्हान्स घेतला कोणी?