अर्धं शटर

1 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. दारू विकणारी आणि पाजणारी ठिकाणं सोडली, तर बाकी सगळी दुकानं, हॉटेलं, खानावळी चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही. तशी ही मुभा 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. पण पोलीस आणि स्थानिक प्रशासन येऊन दुकानं बंद करायला लावतात, अशा तक्रारी मंत्रालयात पोचल्या, म्हणून सरकारने आपलाच कायदा आपल्याच माणसांना आठ वर्षांनी पुन्हा वाचून दाखवला.

हा झाला हॉटेलवाल्याच्या खिशातला कागद. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे याहून जुना कागद आहे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, तारीख 14 फेब्रुवारी 2000. त्यानुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि या वेळात निवासी भागात आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. म्हणजे खालच्याला चोवीस तास मिळाले, वरच्याला आठ. दोन्ही कागद खरे, दोन्ही सरकारी. अडचण एवढीच, की ते आठ तास या चोवीसांतलेच आहेत. शेताच्या धुऱ्याचं भांडण असतं तर भूमी अभिलेखवाले मोजणी करून खुंट रोवून गेले असते. रात्रीचा धुरा कोणी मोजायचा?

आमचं मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहागीर. नाशिकवालं नव्हे, तिथल्या बातम्या वाचून आमच्या पाव्हण्यांनी आम्हाला काळजीचे फोन करू नयेत. अकोला-वाशीम रस्ता आणि नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता आमच्या गावात एकमेकांना भेटतात. त्यामुळे रात्री-बेरात्री चहा मागणारा माणूस इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. ट्रकवाले, रात्रीच्या एसट्या, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेली मंडळी. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना तिकडची वाट मिळाली. हॉटेलवाला म्हणतो, धंदा तिकडे गेला. वरचे म्हणतात, आवाज मात्र इथेच राहिला.

आता नियमांतली खरी गंमत. व्यापारी भागाला रात्री 55 डेसिबल, निवासी भागाला 45. मुंबई-पुण्याच्या नकाशावर हे रंग वेगवेगळे दाखवता येतील. आमच्याकडे एकाच इमारतीत खाली भट्टी, मध्ये मोबाइलचं दुकान आणि वर बिऱ्हाड. म्हणजे आवाजाने जिना चढता चढता दहा डेसिबल खाली उतरवून ठेवायचे आणि सभ्यपणे दार वाजवायचं. मिश्र वस्तीचं काय करावं, याचंही उत्तर नियमांत आहे: चारपैकी कुठल्या तरी एका प्रकारात ती घोषित करावी. कोणी घोषित केली, असं मात्र आमच्या चौकात कोणाला विचारू नका.

बरं, 45 डेसिबल म्हणजे किती? दोन माणसं समोरासमोर बसून साधं बोलतात तो आवाज साठेकच्या आसपास असतो. तोही साधं बोलणाऱ्यांचा. वऱ्हाडातला माणूस कानात सांगायची गोष्टसुद्धा धुऱ्यापलीकडल्या माणसाला सांगावी तशी सांगतो. आमच्याकडे दोन मित्रांनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली, की कायदा तिथेच मोडला.

आणि हे 45 सुद्धा सरासरीने मोजायचे असतात. क्षणाक्षणाला नव्हे, ठरावीक वेळेची सरासरी काढून. रात्री पावणेएकला शटर खाली येतं. आधी कुरकुर, मग घरंगळ, शेवटी धाड्‌. सगळा मामला तीन सेकंदांचा. आठ तासांच्या सरासरीत ते तीन सेकंद कुठल्या कुठे विरघळून जातात. वरच्या मजल्यावरचे गुरुजी मात्र सरासरीने जागे होत नाहीत, ते एकदम जागे होतात. आणि एकदा जागे झाले, की निवृत्तिवेतनातली थकबाकी, पोराची नोकरी आणि गुडघा, तिन्ही एकदमच आठवतात.

हॉटेल बंद होण्याचा हा तास नीट ऐकण्यासारखा असतो. स्पीकर दहालाच बंद होतो, त्याबद्दल तक्रार नाही. मग आधी बाकडी ओढली जातात. उचलायला दोन माणसं लागतात, ओढायला एक पुरतो, म्हणून ओढली जातात. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक बसवताना प्रत्येक खुर्चीला वरून एक दणका. नंतर कढईच्या काठावर झारा तीनदा आपटून तेल झटकायचं. दोनदा आपटून भागत नाही, ही आचाऱ्यांची परंपरा आहे. मग ताटं, पराती, पातेली मोरीत. ती ठेवली जात नाहीत, सोडली जातात. एवढ्यात शेवटचं गिऱ्हाईक जागेवरूनच ओरडतं, ‘‘दोन कट अन्‌ एक शेवभाजी पार्सल!’’ ते पार्सल घेऊन बाहेर येतं, गाडी चालू करतं, आणि चालू गाडीवर बसून मित्राचा निरोप घेतं. वऱ्हाडी निरोप अर्ध्या तासाचा असतो. ‘‘चाल मंग’’ हे पाच-सहा वेळा म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही.

गुरुजी गॅलरीत येतात. खालून हॉटेलवाला हात जोडतो, ‘‘गुरुजी, गाना म्या दहालेच बंद केला न. आता मानसं बोलतेत, त्याइचा आवाज कोन्या बटनानं कमी करू?’’

प्रश्न बिनतोड आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भोंगा होता, डीजे होता. 2010 मध्ये फटाका आला, गाड्यांचा हॉर्नही आला, रात्री निवासी भागात तो वाजवू नये म्हणून. परात मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर आली नाही.

मग गुरुजी 112 ला फोन लावतात. पोलिसांची गाडी येते. आवाज मोजायची यंत्रं पोलिसांकडे हवीत, हे उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सरकारला बजावून झालं आहे. पण डेसिबल मोजण्यापेक्षा घड्याळ बघणं सोपं असतं. त्यामुळे आवाजाच्या तक्रारीवर इलाज वेळेचा होतो: ‘‘शटर खाली घे रे!’’ शटर खाली येतं. अर्धं. अर्धं शटर ही आमच्या भागाने लोकशाहीला दिलेली देणगी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हॉटेल बंद, वाकून पाहणाऱ्याला चालू. कायद्याचा मान राहतो, शेवभाजीही राहते. गिऱ्हाइकं जाता-येताना कमरेतून वाकतात, त्यात ज्याचं डोकं शटरला लागतं तो वेगळा आवाज करतो.

माझं मत विचाराल तर या भांडणात वेळ हा मुद्दाच नाही. हॉटेल बाराऐवजी दहाला बंद करा, तोच गोंधळ दहाला होईल आणि चोवीस तास चालू ठेवलं तर निदान शटर तरी पडणार नाही. बाकड्यांच्या पायांना रबराच्या टोप्या, शटरला ग्रीस, पराती सकाळी सहानंतर घासायच्या, निरोप घ्यायचा तो गाडी बंद करून. पण रबराच्या टोपीवर शासन निर्णय निघत नाही आणि ग्रीस लावायला कुठलंच खातं नाही. ॲमस्टरडॅमात म्हणे रात्रीचा वेगळा महापौर असतो. हॉटेलवाले, पबवाले आणि झोपणारे यांच्यामध्ये बसून तोडगा काढणारा. आमच्या नगरपंचायतीला ही कल्पना सुचवायची माझी हिंमत नाही. दिवसाच्या अध्यक्षपदासाठी जे चालतं, ते रात्रीही सुरू झालं तर गुरुजींनी कुठे जायचं?

पुण्यात कोरेगाव पार्क-बालेवाडीत हीच रड आहे. गोव्यात हणजूण-वागातोरची मंडळी तर आवाजापायी थेट उच्च न्यायालयात गेली. पण तिथला त्रास संगीताचा असतो, त्याला निदान इज्जत आहे. परातीच्या आवाजाविरुद्ध याचिका करायला कुठला वकील तयार होईल?

एका माणसाची बाजू मात्र कोणीच मांडत नाही. रात्री दोनला मोरी धुऊन झोपणारं ते हॉटेलातलं पोरगं. ते मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांना पाय लावून, सकाळी दहापर्यंत झोपायला बघतं. शासन निर्णयाने त्याला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी दिली आहे. कागदावर तो आमच्या चौकातला सर्वांत श्रीमंत माणूस. पण त्याची रात्र उजाडल्यावर सुरू होते, आणि तेव्हा निवासी भागाला 55 डेसिबलची मुभा असते. सात वाजता वरच्या मजल्यावर मिक्सर लागतो. गुरुजींचा रेडिओ लागतो, पूर्ण आवाजात, कारण रात्रभर झोप नसल्याने त्यांना कमी ऐकू येतं. पोरगं काय, कुशीवर वळतं. त्याच्याकडे गॅलरी नाही.

शेवटी गुरुजींनी लेखी अर्ज दिला. निनावी. लाउडस्पीकरच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना सांगितलं आहे, की तक्रारदाराची ओळख विचारू नका, उघड करू नका. गुरुजींनी कात्रण जपून ठेवलं होतं. शिवाय हॉटेलवाल्याशी वाकडं घेऊन भागणार नव्हतं. गुरुजींकडे पाव्हणे आले की रस्सा खालूनच येतो. चार दिवसांनी ते चहाला उतरले. हॉटेलवाल्याने न मागता कट आणून ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, अर्ज पोचला बरं.’’

गुरुजी चपापले. ‘‘कोणाचा अर्ज? पोलिसांनी नाव सांगितलं काय?’’

‘‘त्याइनं कायले सांगाव? ठाण्यात बोलावलं तवा म्या वाचला न अर्ज. सारे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. मालेगावात दुसरा कोन लिहिते तसं?’’