टॅपेटअण्णा

अण्णा गाडी हौसेनं चालवतात, पण त्यांना खरा हुरूप येतो तो ती बंद पडल्यावर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात त्यांची 1982 सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते, आणि बहुतेक वेळा बॉनेट उघडं असतं. 2023 साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे, हे कारण पेपरात आलं. अण्णांना ते मान्य नाही. "वयानं नाही हो, टॅपेटकडे कुणी बघितलं नाही म्हणून गेली!" शेजारच्या नानांना खोकला झाला तरी अण्णांचा पहिला प्रश्न, "थंड असताना येतो, की गरम झाल्यावर?"

यंदा पावसाळा सरल्यावर त्यांनी सेल्फ मारला. ‘टक्’ झालं आणि इंजिन तीन सिलिंडरवर लंगडायला लागलं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. अण्णांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, चष्मा पुसला आणि बाह्या सरसावल्या.

मग मिस्त्री आला. त्यानं टॅपेट कव्हर काढून लगेच बोट ठेवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक पुशरॉड वाकला होता. "नवा टाकतो अण्णा. तासाभरात गाडी रस्त्यावर."

"वाकला हा परिणाम झाला. कारण कुठाय?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

मग चौकशी समिती बसली. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. तिसऱ्यात काटा जागचा हलेना. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं, तरी तेच. "रिंगा गेल्या असत्या तर आकडा वर चढला असता. हा व्हॉल्व्हच उघडा राहिलाय!" अण्णांचा आवाज चढला, जणू लॉटरीच लागली. आठही पुशरॉड बाहेर आले. प्रत्येक जण आपापल्या रॉकरशी घासून जमलेला असतो, अदलाबदल चालत नाही. म्हणून मोतीचुराच्या लाडवांच्या खोक्याला आठ भोकं पाडून, नंबर घालून, ते ओळीनं रोवले. लाडू ताटलीत गेले, काळ्या बोटांच्या ठशांसकट. मग एकेक रॉड टीपॉयच्या काचेवर घरंगळवला. सरळ असतो तो गुपचूप जातो, वाकडा उड्या मारतो. काकू दारातून म्हणाल्या, "काच पुसणार कोण, त्याचंही निदान होऊ द्या." चेंबरमधलं ऑइल पुरणाच्या चाळणीतून गाळलं, तेव्हा मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. धोक्याची खूण ती. चाळणीत लोखंडाचा कण सापडला नाही.

शेवटी हेड उतरलं. पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटल्याची खूण नव्हती. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा गंजून गाइडमध्ये घट्ट बसला होता, अर्धवट उघडा. पावसाळाभरच्या दमटपणाचं काम. खालून कॅम ढकलतोय आणि वर व्हॉल्व्ह हलत नाही, मग मधला बिचारा रॉड वाकणारच. त्या जागी नवा टाकला असता, तर तोही पहिल्याच सेल्फला वाकला असता. मिस्त्रीनं हे कबूल केलं, पण फार हळू आवाजात.

तेव्हा जुनी गाडी पावसाळाभर उभी असेल तर थेट सेल्फ मारू नका. टॅपेट कव्हर काढा, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर ऑइल सोडा, इंजिन हातानं सावकाश फिरवा आणि सगळे रॉकर वरखाली होतात का ते बघा. आणि चाळणी बाजारातून वेगळी आणा.