पीपीएम अण्णा

पगारवाढ, बदली, बॉसचा वाढदिवस यांतल्या कशानंही अण्णा हलत नाहीत. ब्लँकमध्ये पीक आला की मात्र त्यांचा डबा तसाच घरी परत जातो.

तळोजा एमआयडीसीतल्या आमच्या क्यूसी लॅबमध्ये अण्णांचं खातं अल्डिहाइडचं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल औषधवाल्यांकडे जातं. त्यात फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड किती पीपीएम ते सांगायचं. म्हणजे टनभर मालात ग्रॅमभर चोर शोधायचा. एचपीएलसी यंत्राच्या यूव्ही डिटेक्टरला हा चोर धड दिसत नाही, म्हणून आम्लातलं डीएनपीएच नावाचं रसायन घालून आधी त्याला पिवळा करायचा आणि ३६० नॅनोमीटरवर धरायचा. या भानगडीत अण्णांची बोटंही पिवळी. लग्नसराईत लोक विचारतात, ‘‘हळद कुठं होती?’’ डीएनपीएच सुकलं तर स्फोटाची भीती, म्हणून ते ओलं ठेवतात. आल्यागेल्याला पाणी न विचारणारे अण्णा त्या बाटलीला रोज विचारतात.

फॉर्मल्डिहाइड हवेतही असतंच, त्यामुळे माल न घातलेल्या ब्लँकमध्येही त्याचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, डोकावतो. अण्णांना हा घातपात वाटतो. प्लायवूडचं नवं कपाट त्यांनी डिंकावर संशय घेऊन पॅसेजमध्ये काढायला लावलं. उदबत्तीच्या धुरापायी देवीचा फोटो अकाउंट्समध्ये गेला. एका ट्रेनी मुलीनं फ्लास्क अ‍ॅसिटोननं विसळला. अ‍ॅसिटोन जातीनं कीटोन, पण डीएनपीएच जात बघत नाही, त्याचाही पीक काढतं. अण्णा म्हणाले, ‘‘पोरी, आता स्टँडर्ड कशाला करतेस? रांगोळी काढ.’’

गेटवर टँकर भरून उभा. प्रॉडक्शनच्या साहेबांचा फोन.

‘‘अण्णा, पास की फेल, एवढंच सांगा.’’

‘‘साहेब, ब्लँक बसला नाही अजून.’’

‘‘मला ब्लँक विकायचाय का?’’

‘‘शुद्ध मिळाला तर दर चांगला येईल, साहेब.’’

वेडेपणा वाटतो खरा. पण जिलेटिनच्या कॅप्सूलला अल्डिहाइड लागलं की जिलेटिन ताठरतं आणि कॅप्सूल विरघळायचं नाव घेत नाही. म्हणून साहेब फोन आपटतात, पण अण्णांच्या सहीवाचून टँकर सोडत नाहीत.

लॅबबाहेरही तेच. वास्तुशांतीला गेले की यजमान एसी लावतो आणि अण्णा नव्या प्लायवूडच्या संशयानं मागून खिडक्या उघडत जातात. न चुरगळणाऱ्या कापडावरही फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं, म्हणून नातीचा नवा फ्रॉक धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही.

पुढच्या वर्षी ते रिटायर होतायत. शाल-श्रीफळ द्यायचं ठरलंय. शाल कुठल्या कापडाची, ही चौकशी आत्ताच सुरू झालीय.