विवाहपुष्पांची छायाचित्रोपयुक्त निवड व हाताळणी : काही सूचना

जुन्नर तालुक्यातील मौजे आळे या गावाची कीर्ती, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याच्या समाधीमुळे, महाराष्ट्रभर आहे. परंतु लग्नसराई ऐन भरात येऊन आळेफाट्याच्या चौकात वऱ्हाडाच्या गाड्यांची दाटी होऊ लागली, की वधूपित्याकडून वेद म्हणण्याहूनही अवघड अशा एका गोष्टीची अपेक्षा केली जाते, आणि ती म्हणजे लग्नातील फुले फोटोत नीट येतील अशी तजवीज. सदरहू विषयावर आजवर कोणी लेखणी उचलली नाही, सबब दोन बहिणी व तीन पुतण्या उजविलेल्या प्रस्तुत लेखकाने आपला अनुभव वाचकांपुढे रुजू करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानी धरावे, की कॅमेऱ्याला नाक नाही. एवढे एकदा मनाने घेतले म्हणजे केवळ सुवासाच्या वशिल्यावर लग्नमंडपात शिरलेली सारी फुले आपोआप बडतर्फ होतात. मोगऱ्याची कळी उमलायची संध्याकाळी. भर दुपारच्या मुहूर्तावर ती मिटूनच असते आणि फोटोत साबुदाण्याच्या लडीसारखी दिसते. निशिगंध, ज्यास बाजारात गुलछडी म्हणतात, त्याची गत याहून शोचनीय : मांडवाच्या गुलाबी कापडाखाली तो गुलाबी, हिरव्या कनातीशेजारी हिरवट, आणि फ्लॅश समोरून पडला की त्याच्या पाकळ्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. याउलट जरबेरा हे या कामी आदर्श फूल समजावे. वास नाही, रंग भडक, दहा-दहाच्या जुडीत तोंडाला प्लॅस्टिकची टोपी घालून येते; त्याचा देठ मात्र पाणी कमी पडताच मान टाकतो, म्हणून फूलवाले त्यास तारेचा आधार देतात. (ऐन मंगलाष्टकांत पेंगणाऱ्या नवरदेवासाठी अशी काही सोय अद्याप निघालेली नाही.)

झेंडूविषयी तंटा करण्यात अर्थ नाही. तो मूळचा मेक्सिकोचा असला तरी इकडे त्याचे वतन आता इतके पक्के झाले आहे, की त्याच्यावाचून तोरण ही कल्पनाच होत नाही. मात्र मामाने आणलेल्या पिवळ्या साडीवर पिवळ्या झेंडूचा हार कदापि घालू नये. आमच्या माहितीतल्या एका घरी अल्बम आल्यावर, नवरीच्या गळ्यात हार होता किंवा नव्हता, या मुद्द्यावर दोन्हीकडच्या विहिणींचे बोलणे बराच काळ तहकूब होते. शिवारात झेंडू फुललेला असताना हार कल्याणाहून मागवणे, म्हणजे इकडचीच फुले माळशेज घाट उतरून पुन्हा चढवणे, हे प्रतिष्ठेचे लक्षण असल्याने त्याविरुद्ध आम्ही काही सुचवीत नाही.

हाताळणीच्या बाबतीत आमच्याच घरची हकीकत सांगणे भाग आहे. धाकट्या पुतणीच्या लग्नात हार आणण्याची जबाबदारी एका अतिउत्साही आप्ताकडे होती. त्याने ते, सुकू नयेत या सद्धेतूने, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीस करकचून गाठ मारून, जीपच्या मागच्या काचेशी उन्हात ठेवले. अंतरपाट दूर झाला, पिशवी सोडली, तेव्हा आतून इडलीपात्रासारखी वाफ निघाली. गुलाबाच्या कडा काळवंडल्या होत्या आणि बोट लागताच पाकळ्या चिकट होऊन खाली पडत होत्या. फुलांना उन्हाइतकाच त्यांचा स्वतःचा घाम मारतो, हे त्या दिवशी आम्हांस कळले. ओले करून पिळलेले फडके, त्यात सैल गुंडाळलेला हार, खाली केळीचे पान आणि वेताची किंवा बांबूची उघडी पाटी, एवढा बंदोबस्त पुरेसा होता.

तरीही हार तगला असता. पण छायाचित्रकार महाशयांनी ‘पुन्हा एकदा घाला’ असे तीनदा फर्मावले, मित्रांनी नवरदेवास खांद्यावर उचलले, आणि वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोन नामक भिंगरीच्या वाऱ्याने उरलेल्या पाकळ्या अक्षतांसह वऱ्हाडाच्या डोक्यांवर उडवल्या. तिसऱ्या खेपेस पुतणीने नवऱ्याच्या गळ्यात जे घातले त्यात दोरा, काही देठ आणि मध्ये जरीचा एक गोंडा होता. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो आहे, आणि त्यात दोघेही पोट धरून हसत असल्याने इतर फोटोंपेक्षा तोच पाहण्याजोगा झाला आहे.

कार्यालय रिकामे करताना हारांचे ते अवशेष मागच्या गोठ्यातल्या म्हशीपुढे टाकले. आळ्याची म्हैस म्हणून आम्ही जरा वेळ थांबून पाहिले. तिने ते सावकाश खाल्ले आणि काही एक न बोलता रवंथ करीत बसली.